रांगेतले आंबे

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी ह्यांनी आफ्रिकेतला एक लॉज जवळजवळ नक्की केला होता. लॅपटॉप माझ्याकडे वळवून म्हणाले, "हा बघ. तंबूला लागून पोहायचा तलाव, आणि आपल्या भाड्यातून जंगलाचं संवर्धन. माणसाचा हात न लागलेलं जंगल आहे गं!"

फोटोत तंबूमागे आंब्याची जुनी झाडं होती. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर.

"अहो, हात न लागता आंबे रांगेत उगवतात होय?"

"तुला कुठेही खोटच दिसते."

मला अंगण दिसलं होतं. कोणीतरी कोयी पुरल्या असतील, पाणी घातलं असेल, मग त्यांना तिथून उठवलं असेल. जंगल वाचायला हवं, हे मलाही पटतं. पण त्यासाठी उठायचं कोणी आणि तलावात डुंबायचं कोणी, हे नेहमी आधीच ठरलेलं असतं.

माझं माहेरचं गाव अभयारण्यासाठी उठवलं. आमच्या अंगणातल्या आंब्यांखाली आता पर्यटकांची जीप थांबते. एकदा तिकीट काढून मीही गेले होते. उतरायला पाय बाहेर काढला, तर गाईड ओरडला, "मॅडम, आत बसा! हे प्राण्यांचं घर आहे."