मामंजी तीनदा खाकरले

घर उडायचं राहिलं ते मामंजींच्या खाकरण्यामुळे नव्हे, हे आधीच सांगून टाकते. खाकरणं पुरतं वाया गेलं होतं.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, रिसोडकडच्या एका खेड्यात आलेली नवी सून. अक्कल पावशेर आणि तोरा पायलीभर. 'पोरीचं दळण बारीक' असं माहेरी चारचौघी म्हणायच्या, ते कौतुक मी लुगड्याच्या घडीत बांधून सासरी आणलं होतं. आमच्याकडे सासरा सुनेशी बोलत नसे आणि सून सासऱ्याला तोंड दाखवत नसे. मामंजींना घरात यायचं असलं की ते दारात खाकरायचे. मग मी पदर नाकापर्यंत ओढायचा आणि पाठ फिरवायची. काही हवं असलं तर ते खांबाला सांगायचे, "पानी भेटन काय?" आणि मी खांबाजवळ तांब्या ठेवायची. सहा महिन्यांत मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. पाय मात्र जत्रेतसुद्धा ओळखले असते.

त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. ज्वारी दाण्यात आली की रानडुकरं वावर लोळवून जात. पितळी काडतुसं एकदा उडवून टाकून द्यायची नसत, घरीच पुन्हा भरायची. त्यासाठी मामंजींनी वाशीमच्या बाजारातून बंदुकीच्या काळ्या दारूचे दोन नमुने आणले आणि ओसरीवर पांढऱ्या कागदावर ओतले. एक बाजरीसारखी भरड, दुसरी रव्यासारखी. मी दाराच्या फटीला डोळा लावून होते. त्यांनी भरड दाणा चिमटीत दाबला, तो फुटला नाही. कागद तिरका करून दाणे ओघळू दिले, मागे भुकटी उरली नाही.

"हेच," ते सासूबाईंना म्हणाले. "आपल्या काडतुसाले भरडच पाह्यजे." बारीक दारू परत करायला पुडीत बांधली, भरड डब्यात ठेवली.

मला फटीमागे हसू आवरेना. भरड म्हणजे गुरांचं खाणं. दुकानदारानं म्हाताऱ्याला भरड गळ्यात मारली आणि हे वर खूश! मग मी शहाणीनं ठरवलं, आपण गुपचूप दळून ठेवू. मामंजी एकदा तरी खांबाजवळ आपलं नाव काढतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई विहिरीवरून आल्या, भरली घागर दारात ठेवून गोठ्यात गेल्या. मी ओंजळभर दारू जात्याच्या तोंडात सोडली आणि खुंटा धरला. तेवढ्यात दारात खाकरणं. मी पदर ओढला. पुन्हा खाकरले, मोठ्यानं. मला वाटलं, पाठ नीट फिरली नसेल, म्हणून बसल्या जागी भिंतीकडे सरकले. खुंटा सोडला नाही. तिसऱ्यांदा घशातून नुसती घरघर आली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याची छाती भरली वाटतं, दळण झालं की काढा ठेवू. आणि खुंट्याला हिसका द्यायला हात ताणला.

अख्खी घागर डोक्यावर रिकामी झाली.

पदर, जातं, दारू, सगळ्याचा काळा चिखल. सासऱ्यानं सुनेच्या अंगावर पाणी ओतलं! आता माहेरी कोणत्या तोंडानं सांगू, एवढंच माझ्या डोक्यात.

सासूबाई धावत आल्या. "काय करून राह्यले तुमी? सुनेच्या आंगावर पानी? लोकं काय म्हनतीन?"

डब्यातली कोरडी चिमूटभर दारू मामंजींनी अंगणातल्या दगडावर ठेवली, लांब तुराटीचं टोक चुलीत पेटवलं आणि लांबूनच टेकवलं. भस्सकन जाळ झाला. पांढरा धूर वळचणीला भिडला.

"इतकुशी चिमूट होती वं माय," सासूबाई म्हणाल्या. "जात्यात किती टाकली होती?"

मी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. आणि मग ती ओंजळ मला खाली घेता येईना. डोळ्यांसमोर दगडावर दगड, मधला लोखंडी खिळा, त्यातून उडणारी ठिणगी आणि माझा ताणलेला हात.

दुपारी मामंजी ओसरीवर काडतुसं भरायला बसले. मी आपली दाराआड. माप भरायचं, हात थरथरायचा, दारू सांडायची. तीनदा असं झालं. रानडुकरासमोर न हललेला हात तो.

"सूनबाई," ते म्हणाले. खांबाला नाही, मला. "तू भर. माह्या हाताचं आज काही खरं नाही."

मी पुढे बसले. पदर नाकावरच.

"भरड दारू दमानं जळते," ते सांगत होते. "बारीक एका झटक्यात पेटते, नळी फाडते. अन् दारूले जातं कदी दाखवाचं नाही. समजलं? काहून दळाले बसली होती तू?"

"मले वाटलं, दुकानदारानं तुमाले ठगवलं."

"अन् मी खाकरलो थे?"

"मले वाटलं, तुमाले खोकला झाला."

सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या की रडत, ते मला आजही सांगता येणार नाही. मामंजी हसले नाहीत. बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले, दहा बोटं मोजावीत तसे.

तेव्हापासून आमच्या घरची काडतुसं मीच भरत गेले. आणि मामंजी दारात येताना रस्त्यावरूनच हाक मारत, "सूनबाई, मी येऊन राह्यलो." खाकरण्यावरचा त्यांचा भरवसा उडाला तो उडालाच.