वन्संची दोन नावं आणि एक सही

आमदाराचं कौतुक माझ्या तोंडून निघेल असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला गिरणीवरून हाकलून दिलं असतं. निवडणुकीत हात जोडायचे आणि मग पाच वर्षं काचा वर करून गाडीतून जायचं, एवढीच माझी या लोकांशी ओळख. पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, तेव्हा सांगणं भाग आहे.

आम्ही मराठी, पण राहतो तेलुगू मुलखात, कुकटपल्लीच्याही पुढं. पुढं आमच्या ह्यांची पिठाची गिरणी, मागं दोन खोल्या. माझी नणंद, म्हणजे वन्सं, ह्यांची धाकटी बहीण. तारनाक्याला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून हे स्वतः जाऊन त्यांना घरी घेऊन आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या साली वन्संचा उजवा खुबा धरला. आधी लंगडायच्या, मग भिंत धरून चालायला लागल्या, शेवटी न्हाणीपर्यंत जायला मी पाठीमागून काखेत हात घालायची. दोघींचे जीव जायचे. त्या दुखण्यानं रडायच्या आणि मी त्यांच्या रडण्यानं चिडायची, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, सांधा पार झिजलाय, नवा बसवला तर चालतील, नाहीतर अंथरूण धरतील. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार होतं. पदरचं घालायचं तर गिरणी विकावी लागली असती.

दवाखान्याच्या खिडकीत मी रेशनकार्ड आणि वन्संचं आधार ठेवलं. खिडकीतल्या पोरीनं दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले आणि विचारलं, या दोघींपैकी पेशंट कोण?

आमच्या ह्यांची करणी, दुसरं काय. रेशनकार्डात बहिणीचं नाव घातलं तेव्हा आधार-बिधार कुणी विचारत नव्हतं. ह्यांनी सरळ माहेरचं नाव लिहून दिलं. लहानपणापासून ज्या नावानं हाक मारली तेच. लग्नात बदललेलं सासरचं नाव ह्यांच्या तोंडात कधी बसलंच नव्हतं. आणि आधार निघालं ते सासरच्या कागदांवरून. म्हणजे कार्डावर एक बाई, आधारावर दुसरी. आडनावही वेगळं, नावही वेगळं. मी घरी येऊन ह्यांना असं काही बोलले की गिरणीवरची गिऱ्हाइकं डबे ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली. हे मान खाली घालून एवढंच म्हणाले की मला ती तीच वाटते.

मग सुरू झाले हेलपाटे. सेवा केंद्र म्हणे, नाव बदलल्याचा पुरावा आणा. लग्नाचा दाखला? चाळीस वर्षांपूर्वी तो कोण काढत होतं. एका क्लार्कला मी समजावून सांगितलं की आमच्यात लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून ती त्या नावाची. तो तेलुगू माणूस. त्यांच्यात घराण्याचं नाव बदलतं, बाईचं नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. तांदळावर लिहिलेलं कुठल्या ऑफिसात नोंदवता, असं त्यानं विचारलं, आणि चेष्टेनं नाही, खरंच विचारलं. मी त्याच्यावरच ओरडून आले.

तिथल्याच एका शिपायानं सांगितलं की या दोन्ही नावांची बाई एकच आहे असं आमदारानं लिहून सही केली, तर पुढचं काम होतं. हे म्हणाले, नको, आपल्याला त्यांच्यासारखं तेलुगू बोलता येत नाही, आपल्याला कोण विचारतंय. मी म्हटलं, तुम्ही दळण दळा, मी जाते.

सकाळी आमदाराच्या अंगणात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माणसंच माणसं. कुणाची नाली तुंबलेली, कुणाच्या पोराला हॉस्टेल हवं, कुणी नुसतीच लग्नपत्रिका द्यायला आलेलं. पीए सगळ्यांना एकच सांगत होता, कागद ठेवून जा. त्याच्या टेबलावर कागदांचा ढीग मला दिसत होता. मी म्हटलं, मी कागदाबरोबर थांबते. तीन तास थांबले. शेवटी आमदारच माझ्यासमोर आला, आणि मी माझ्या मोडक्या तेलुगूत, अडलं तिथं हिंदीत, सगळं सांगून टाकलं.

त्यानं मधे तोंड घातलं नाही, हे पहिल्यांदा मला खटकलं, कारण मी भांडायच्या तयारीनं गेले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाला, अम्मा, माझा विश्वास बसतो, पण विश्वासावर सही करता येत नाही. मागं एकदा अशीच सही केली आणि एका म्हातारीचं घर तिच्या पुतण्यानं आपल्या नावावर केलं. काहीतरी दाखवा, म्हणाला, काहीही चालेल. मी तणतणत घरी आले. सगळ्यात जास्त राग याचा आला की माणूस चुकीचं बोलत नव्हता.

घरी वन्सं भिंतीला टेकून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ट्रंकेत अल्बम आहे, काढा. नवरा गेल्यापासून तो अल्बम त्यांनी उघडला नव्हता आणि कुणाला उघडूही दिला नव्हता. त्यांनी एकेक पान उलटलं, नवऱ्याच्या चेहऱ्यावरून दोनदा हात फिरवला, आणि एका फोटोवर बोट ठेवलं. ताट, ताटात तांदूळ, तांदळात ठळक अक्षरात सासरचं नाव. वर वाकलेला नवरदेव, आणि शेजारी मुंडावळ्या बांधलेल्या वन्सं, थेट कॅमेऱ्यात बघणाऱ्या. अल्बमच्या कव्हरात लग्नपत्रिका होती, तिच्यावर माहेरचं नाव आणि तोच नवरदेव.  इतके दिवस मी जगाशी भांडत होते आणि पुरावा माझ्या घरात, ट्रंकेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले तर वन्सं म्हणाल्या, मलाही न्या, फोटोतलं तोंड आणि हे तोंड दोन्ही बघू दे त्याला. ह्यांनी आणि शेजाऱ्यानं उचलून त्यांना ऑटोत बसवलं. ऑटो गेटपाशीच थांबला, आत चालत जाणं शक्यच नव्हतं. मी अल्बम घेऊन मांडवात गेले आणि पीएनं तोंड उघडायच्या आत फोटो आमदाराच्या पुढ्यात धरला.

तो उठला आणि बाहेर आला. ऑटोच्या दारात वाकून त्यानं फोटो बघितला, वन्संकडे बघितलं, परत फोटो बघितला. शाळेत हिंदी शिकलेला, म्हणून तांदळातलं नाव त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं. पत्रिका वाचली. मग विचारलं, अम्मा, यातलं तुमचं नाव कोणतं?

वन्संनी मान ताठ केली. "दोनो मैंच हूँ, बेटा," त्या म्हणाल्या.

त्यानं ऑटोच्या सीटवरच कागद ठेवून सही केली. आणि सही करून मोकळा झाला नाही. आपला माणूस आमच्याबरोबर दिला, ऑफिसात स्वतः फोन लावला, आठवड्याच्या आत कार्ड दुरुस्त झालं. मी बोलता बोलता म्हणून गेले की आमच्या गल्लीत दर दोन घरांआड हेच रडगाणं आहे. तर पंधरा दिवसांत त्यानं देवळाच्या हॉलमध्ये अधिकारी आणून बसवले. आमच्या मराठी बायका काखेत अल्बम मारून रांगेत उभ्या, एकमेकींचे जुने फोटो बघून फिदीफिदी हसतायत, आणि टेबलावर तो माझा क्लार्क, मान खाली घालून तांदळातली नावं वाचतोय. मी मुद्दाम त्याच्यासमोरून दोनदा गेले. मला फार बरं वाटलं.

वन्संचं ऑपरेशन झालं. वॉकर झाला, मग काठी, मग तीही सुटली. तेव्हा त्या म्हणाल्या, त्या पोराला भेटून येऊ. आम्ही बसनं गेलो.

मांडवात तशीच गर्दी होती. वन्सं समोर जाऊन उभ्या राहिल्या, पण आमदारानं त्यांना ओळखलंच नाही. कागद कुठाय, म्हणून विचारलं. बरोबर आहे, त्यानं त्यांना उभं असलेलं कधी पाहिलंच नव्हतं.  वन्संनी निऱ्या जरा वर धरल्या, वळल्या आणि चालायला लागल्या. माणसं खुर्च्या ओढून वाट देत गेली. त्या गेटपर्यंत गेल्या, गेटला हात लावला आणि तशाच कुणाचा हात न धरता परत आल्या. तोवर आमदाराच्या लक्षात आलं होतं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. मी मात्र भर मांडवात मोठ्यानं रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.