ताईच्या बहात्तर पायऱ्या

माझी ताई डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते आणि तिच्या इमारतीला लिफ्ट नाही. एवढ्या एका कारणाने आम्ही दोघी सख्ख्या बहिणी पावणेदोन वर्षं दोरीवरून भेटत होतो.

दोरी हिरवी, नायलॉनची, कपडे वाळत घालायची असते तसली. टोकाला भावोजींच्या जुन्या पँटच्या कापडाची पिशवी. भावोजी होते तेव्हा ते तिच्यातून सकाळचा पेपर आणि पाव वर ओढून घ्यायचे. ते गेले आणि वर्षभरात ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आणल्यावर चार माणसांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. वर पोचल्यावर तिने जाहीर केलं की पुन्हा त्या खुर्चीत ती बसणार नाही आणि कोणाच्या हातांवर जिना उतरणार नाही. एक्काहत्तर वर्षांच्या बाईपुढे कोण बोलणार. दिवसभर तिच्यासोबत एक मावशी असतात, त्या खालची कामं करतात. ताई खाली उतरली नाही ती नाहीच.

मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. राहते ठाण्यात, वर्तकनगरला. तीस वर्षं कचेरीत खुर्चीवर बसून काढली आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या खुर्चीवर बसले. ताईच्या ऑपरेशननंतर तिला बघायला गेले, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघे आखडले, श्वास लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथेच पायरीवर बसकण मारली. शेजाऱ्यांनी धावपळ केली आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मला खाली आणलं. हा सगळा गोंधळ वर ताईला ऐकू येत होता आणि तिला पलंगावरून उठता येत नव्हतं. एका महिन्यात दोघी बहिणी खुर्चीतून वाहून न्याव्या लागल्या, एक वर आणि एक खाली. मला त्याची इतकी लाज वाटली की मी त्या जिन्याचं नावच टाकलं.

मग दर गुरुवारचा रिवाज सुरू झाला. दुपारी डोंबिवलीला उतरायचं, स्टेशनवरून ताईला फोन करायचा, रिक्षाने तिच्या इमारतीखाली जायचं. ताई गॅलरीत आलेली असायची. ती पिशवी खाली सोडायची, मी त्यात डबा ठेवायचे, ती तो वर ओढायची. मग दोघी कानाला मोबाइल लावून, एकमेकींकडे बघत अर्धा तास बोलायचो. निघताना पिशवी पुन्हा खाली यायची. आमच्या आईची सक्त ताकीद होती की कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. त्यामुळे मी अळूवडी पाठवली की ताई कुळथाचं पीठ पाठवणार, मी लाडू पाठवले की ती मूठभर आमसुलं तरी घालणार.

ताईचा एकच आग्रह असायचा. "स्टेशनवर उतरलीस की फोन कर. विसरू नकोस." मला वाटायचं, मोठ्या बहिणीची काळजी. कधी फोन करायचा राहिला तर ती चिडायची, आणि मला गॅलरीखाली ताटकळत उभं राहावं लागायचं. मीही मनात चिडायचे की एवढं काय नडलंय.

खाली कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. आमचं हे प्रकरण तिच्या समोरच चालायचं. एकदा ती म्हणाली, "बाय, मान मोडंल तुझी वर बघून बघून. जा नं वर." मी तिला गुडघे दाखवले. तिने भरलेली टोपली डोक्यावरून उतरवता उतरवता माझे गुडघे पाहिले आणि भाजीवर पाणी शिंपडायला लागली. मला ते फार लागलं.

पण खरं काय ते एका गुरुवारी झालं. मी नवीन मोरपंखी साडी नेसून गेले होते. ताई गॅलरीत आली, पिशवी हातात धरून उभी राहिली, पण सोडेना. मी फोनवर म्हटलं, "अगं, सोड ना पिशवी."

"तूच आहेस का?" ताई म्हणाली. "ही साडी माझ्या ओळखीची नाही."

तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गेले कित्येक महिने तिला माझा चेहरा दिसत नव्हता. खाली जो रंग उभा असे त्याला ती बहीण समजून बोलत होती. ऑपरेशन करायचं तर खाली उतरावं लागणार, आणि ती उतरणार नाही. "जवळून दिसतं गं मला अजून," ती म्हणाली. "हातभर अंतरावरून सगळं दिसतं."

गाडीत बसायला जागा मिळाली आणि मी ठाण्यापर्यंत रडले. उतरले तेव्हा ठरलं होतं. मी वर जाणार. तिच्यापासून हातभर अंतरावर बसणार.

पहिले दोन महिने मी वाया घालवले. आमच्या कॉलनीतल्या बायकांचा सकाळचा चालण्याचा ग्रुप आहे, त्यात शिरले. नवे बूट घेतले. आम्ही चालायचो एक किलोमीटर आणि बोलायचो चार. शेवटी कट्ट्यावर बसून चहा आणि कोणीतरी आणलेली साबुदाण्याची खिचडी. मला वाटलं, झाले तयार. त्याच जोरावर एका गुरुवारी ताईला न सांगता जिन्याशी गेले. पहिला मजला कसाबसा चढले. दुसऱ्या मजल्याचं ते वळण दिसलं आणि पाय पुढे पडेना. कठडा धरून खाली आले, पिशवीत डबा ठेवला, आणि ताईला म्हटलं की रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला.

मग मात्र गुमान व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे पाहिले आणि म्हणाली, "काकू, गुडघे थोडे झिजलेत, पण खरा घोळ मांड्यांचा आहे. त्यांना काही कामच नाहीये. सपाट चालून जिना कसा चढता येईल? जिना चढूनच जिना येणार." तिने खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. मला उठता आलं नाही. बासष्ट वर्षांची, कचेरीत सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई, खुर्चीतून उठता येत नाही म्हणून त्या मुलीसमोर बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात खुर्ची आणून ठेवली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत उठायचं आणि बसायचं. पहिल्या आठवड्यात शिट्टी होण्याआधीच मी संपायचे. महिन्याभराने तिसरी शिट्टी झाल्यावरही दोन-चार वेळा जास्त उठायला लागले. आमचे हे म्हणाले, "वरण करपेल." मी म्हटलं, "करपू दे."

नंतर जिना. आमची इमारत सात मजली, लिफ्टवाली, आणि लिफ्ट असल्यामुळे जिना कोणाच्याच मालकीचा नसल्यासारखा. वळणावळणावर चपलांची कपाटं, सायकली, कोणाची तुळस. त्यातून वाट काढत मी सकाळी साडेसहाला चढायचे. त्या मुलीने शिकवलेलं तोंडाने म्हणत, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. पहिल्या दिवशी अठरा पायऱ्या. चार दिवसांनी वीस. भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "लिफ्ट बंद आहे का?" मी धापा टाकत असल्याने उत्तर देऊ शकायचे नाही. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की आमच्या विंगची लिफ्ट रोज सकाळी बंद पडते, कमिटी झोपली आहे काय. लिफ्टचा माणूस येऊन तासभर खोलून पाहून गेला. खुलासा करायला मला पुढे यावं लागलं आणि मग सगळ्यांना कळलं. त्यानंतर टिंगलही झाली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा दार उघडं ठेवून माझी वाट बघायचे आणि म्हणायचे, "आज किती?" आकडा सांगता यावा म्हणून मी दोन पायऱ्या जास्त चढायचे.

सरळ रेषेत काही झालं नाही. छत्तीसवर मी तीन आठवडे अडकले. एकदा गुडघा सुजला आणि दहा दिवस घरी बसावं लागलं, तेव्हा ह्यांच्यावर, कामवालीवर, कुकरवर, सगळ्यांवर खेकसले. हे म्हणाले, "या वयात कशाला इतकी जिद्द?" मी म्हटलं, "मला ताईला बघायचंय." दुसऱ्या दिवशी बर्फाची पिशवी न सांगता फ्रीजमध्ये ठेवलेली होती.

ज्या दिवशी आमच्या जिन्यात बहात्तर पायऱ्या चढून, एक मिनिट थांबून, पुन्हा खाली उतरून आले, त्या दिवशी मी शिरा केला. पुढच्या गुरुवारी पुन्हा ताजा करून डब्यात घालून निघाले. मुद्दाम फोन केला नाही. ताईला चकित करायचं होतं.

भाजीवालीने मला जिन्याकडे वळताना पाहिलं आणि हातातली मेथीची जुडी तशीच धरून उभी राहिली. पहिला मजला. दुसऱ्याच्या वळणावर, जिथे मी बसले होते त्या पायरीवर, मुद्दाम थोडी थांबले आणि चांगला पाय पुढे टाकला. तिसरा. चौथा. दारावर नाव भावोजींचंच होतं.

मावशींनी दार उघडलं. मला बघून त्या घाबरल्याच. "बाई, फोन नाही केलात? त्यांना तयारीला वेळ लागतो ना."

"कसली तयारी?"

मावशींनी पलंगाकडे आणि मग गॅलरीकडे बोट केलं. मधे चौदा पावलं असतील. वॉकर धरून तेवढं जायला ताईला वीस मिनिटं लागत. स्टेशनवरून माझा फोन आला की ती उठायची आणि निघायची. मी रिक्षातून उतरायचे तेव्हा ती नुकती कठड्याशी पोचलेली असायची. अर्धा तास उभी राहून माझ्याशी बोलायची, आणि मी गेल्यावर संध्याकाळभर पडून असायची. मला यातलं काही सांगायचं नाही अशी मावशींना ताकीद होती.

मी पलंगावर तिच्याजवळ बसले, हातभर अंतरावर. ती रागावलेली होती. "फोन का नाही केलास? केस तरी विंचरले असते." मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली. "म्हातारी झालीस गं," म्हणाली. मला खूप रडू आलं आणि तिने रडू दिलं.

निघताना तिने मावशींना हाक मारून डबा धुऊन घेतला आणि स्वतः भरला. मला उघडू दिला नाही. "घरी जाऊन बघ. आणि फोन करायला विसरू नकोस, स्टेशनवरून."

वर्तकनगरला येऊन डबा उघडला. आत ती हिरवी दोरी होती, नीट गुंडाळून ठेवलेली. म्हणजे आता खाली उभं राहून मला काही मिळणार नव्हतं. पण फोन कशाला हवा होता ते मला कळेना. दोरी नाही तर गॅलरीत यायचं कारण नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी स्टेशनवरून फोन केला. बहात्तर पायऱ्या चढले, या वेळी फक्त एकदा थांबून. वरच्या वळणावरून मान उचलून पाहिलं तर ताईचं दार उघडं होतं. उंबऱ्याच्या बाहेर, जिन्याच्या पहिल्या पायरीशी, ती वॉकर धरून उभी होती. केस विंचरलेले, पायात चप्पल.

"उशीर केलास," ती म्हणाली. "आता सांग, उतरताना कुठला पाय आधी?"