लिनक्सचा पासवर्ड

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो बावड्याच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांचा. ते कंत्राटी होते. शाळेच्या जुन्या संगणकांवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली आणि नवीन काही टाकायला लागणारा तिचा पासवर्ड विद्यार्थ्यांपैकी मला एकट्याला सांगितला. तो वापरून मी भुयारात राक्षस मारायचा खेळ टाकला. दोन डाव खेळलो, दोन्हीत पहिल्याच तळघरात मेलो. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांना तो खेळ दिसला.

"पासवर्ड तुमच्याकडंच हाय ना, सर? मग ही भुतं आपोआप आली व्हय?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मीच टाकला," सर म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. पुढच्या वर्षी त्यांना घेतलं नाही.

बारामतीत पदवी मिळाल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं: "सर, घरातला पहिला पदवीधर झालो. खेळ मी टाकला, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसलो आणि तुमची नोकरी गेली."