चार पानांचा कचरा

वेबसाइट मी स्वतः बनवली होती आणि ती भयंकर होती. आज हे कबूल करतो. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर अंगावर धावून गेलो असतो. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. जालन्यात आमचं बियाण्यांचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत पॅकिंग, त्यामागं घर. गावातल्या मोठमोठ्या बियाणे कंपन्यांच्या वेबसाइटी निघाल्या, मग आपलीच का नको, या खाजेपोटी मी तीन महिने संध्याकाळच्या क्लासला जाऊन आलो. पानाच्या वरच्या बाजूला दुकानाचं नाव डावीकडून उजवीकडं पळायचं. कोपऱ्यात पृथ्वी गरगर फिरायची. खाली पाहुण्यांचा आकडा होता, तो मुख्यतः माझ्यामुळंच वाढायचा.

त्याच वेबसाइटीवर चार पानं अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील. सायकलवर, एसटीच्या टपावर पोती टाकून, टेंभुर्णीपासून वाटूरपर्यंत गावोगाव फिरून त्यांनी जुनी बियाणी गोळा केली होती. कोणती ज्वारी हुरड्याला गोड, कोणत्या ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ, कोणतं वाण कोणत्या घरात किती पिढ्या टिकलं आणि कोणत्या सुनेनं ते दळून खाल्लं, सगळं तोंडपाठ. लिहिलेलं मात्र काही नाही. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचो. कागदावर एक ओळ उतरली नाही.

"लिव्हलं का?" ते मध्येच थांबून विचारायचे.

"लिव्हलं."

"काय लिव्हलं, वाच बरं."

मला याचा राग यायचा. मी भराभरा वाचून दाखवायचो, ते एखादा शब्द बदलायला लावायचे, मी कपाळाला हात लावायचो. खरं सांगायचं तर माझं त्यांच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. एका कानानं ऐकलेलं बोटांतून खाली उतरत होतं, एवढंच.

आता त्या काळच्या मराठी फॉन्टची भानगड सांगायला हवी. ज्याच्या कॉम्प्युटरवर आमचा फॉन्ट टाकलेला असेल त्यालाच ती पानं मराठीत दिसायची. बाकीच्यांना दिसायचे डॉलर, कंस, डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. मी हुशार माणूस, म्हणून पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत सूचना टाकली होती: 'हा मजकूर वाचण्यासाठी आधी फॉन्ट उतरवून घ्या.' ती सूचनाही मी त्याच फॉन्टात टाइप केली होती. चार वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नाही, कारण माझ्या कॉम्प्युटरवर सगळं बराबर दिसत होतं.

मधल्या काळात अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, आपण काय म्हणतो ते त्यांना कळलंय हे डोळ्यांतून दिसायचं. तोंडातून मात्र घशातला एक आवाज, त्यापुढं काही नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा, वाचून दाखवा. मी एक-दोनदा त्यांना कॉम्प्युटरजवळ बसवून त्यांचीच पानं वाचून दाखवली. ऐकताना त्यांचे ओठ हलायचे. आपलं बोलणं आपल्याला परत ऐकू येतंय म्हणून हा माणूस जिवंत आहे, असं तेव्हा वाटलं होतं. तरी पुढं मी टाळत गेलो. ते डावा हात कॉम्प्युटरकडं करायचे आणि मी म्हणायचो, "सीझन संपू द्या, अण्णा. मंग निवांत वाचू." मध्येच तो कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, आतलं काही ठेवायचंय का? म्हटलं, नेटवर आहेच सगळं, पुसून टाका.

मग हैदराबादला व्यापाऱ्यांच्या बैठकीत एकानं चारचौघांत माझी वेबसाइट उघडली आणि म्हणाला, "ये क्या शादी का कार्ड है?" सगळे हसले. मीही हसलो. परतीच्या प्रवासात जीव नुसता जळत होता. आठवड्याभरात औरंगाबादची एक डिझायनर गाठली. नोकरी सोडून घरीच बसून कामं घ्यायची. बोलणं मोजकं, कामाला पक्की. पहिल्याच भेटीत मी तिला माझी वेबसाइट दाखवली आणि वर तोंड करून सांगितलं, "मॅडम, यातला सगळा कचरा काढा. कंपनी वाटली पाहिजे, कंपनी." माझ्या डोळ्यांपुढं ती पृथ्वी होती.

तिचा फोन आला तो ऐन मृगाच्या तोंडावर. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, पिशव्यांसाठी माणसं काउंटरवर वाकलेली, एक जण माझी बाही ओढत होता.

"सर, खाली चार पानं नुसता कचरा दिसतोय. ती पण काढू ना?"

"मॅडम, एकदा सांगितलं ना कचरा काढा म्हणून? सारखं सारखं काय विचारून राह्यल्या? बिलकुल काढा!"

आणि फोन आपटला. तिला जे कचरा दिसत होतं ते अण्णांचं बोलणं होतं. तिच्याकडं फॉन्ट नव्हता, मला वेळ नव्हता.

नवी वेबसाइट छान झाली होती, खोटं कशाला बोलू. हिरवागार रंग, मोजका इंग्रजी मजकूर, भरलेल्या कणसाचा फोटो. हैदराबादच्या त्या व्यापाऱ्याला मी मुद्दाम फोन करून बघायला लावली. सीझन ओसरल्यावर एका दुपारी अण्णांना चाकाच्या खुर्चीतून कॉम्प्युटरपुढं आणलं. म्हटलं, बघा तरी पोरानं काय केलंय. ते बराच वेळ कणसाकडं बघत राहिले. मान हलवली. मग डावा हात उचलून स्क्रीनच्या खालच्या बाजूला बोट केलं, तिथं पूर्वी त्यांची पानं असायची. मी खाली गेलो, वर आलो, इकडं दाबलं, तिकडं दाबलं. "आलोच," म्हणून बाहेर जाऊन तिला फोन लावला.

"ती सिम्बॉलवाली पानं? सर, मी तुम्हाला विचारलं होतं."

"ते मराठी होतं, मॅडम."

"माझ्याकडं तसं दिसलंच नाही हो," ती म्हणाली. "आणि जुनं सगळं मी उडवलंय, सर्व्हरवर जागा कमी होती." मी तिला नको ते बोललो. तिची चूक नव्हती, हे बोलतानाही मला कळत होतं आणि तरी बोलतच गेलो. पुढं दोन दिवस तिनं स्वतःचा कॉम्प्युटर पालथा घातला आणि काही सापडलं नाही म्हणून रडवेल्या आवाजात कळवलं. नको ते बोललो त्याबद्दल मी तिची माफी कधी मागितली नाही. आज लाज वाटते.

आत आलो तर अण्णा तसेच बसलेले, स्क्रीनकडं तोंड करून, ऐकायच्या तयारीत. त्या चेहऱ्याला काय सांगणार? मी खुर्ची ओढली आणि समोरच्या इंग्रजी पानाकडं बघत मराठीत वाचायला लागलो.

"टेंभुर्णीकडं एक म्हातारी होती. तिच्या घरात दगडी ज्वारीचं जुनं बियाणं होतं. ते ती..." आणि अडकलो. कशात ठेवायची ती बियाणं? "ते ती कडुलिंबाच्या पाल्यात घालून ठेवायची."

अण्णांनी मान हलवली. नाही.

"राखेत," मी म्हणालो. "राखेत घोळून ठेवायची."

पुन्हा नाही. ते पुढं वाकले. घशातून आवाज काढायला लागले, एकदा, दोनदा, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हातारीचं काय ते जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं आणि ते बाहेर येत नव्हतं. मी घाबरून तसाच पुढं वाचत सुटलो, वाटूर, करडई, तोंडाला येईल ते. तेव्हा त्यांनी डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. घट्ट. मारायला नाही, गप्प करायला.

हात निघाला तेव्हा म्हणालो, "अण्णा, ती पानं गेली. मीच काढायला लावली."

ते माझ्याकडं रागानं बघतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आईच्या खोलीकडं हात केला, म्हणजे मला तिकडं ने.

त्यानंतर ते दीड वर्ष होते. पेपर घेऊन मी जवळ बसलो की डोळे मिटून घ्यायचे. पेपर आईनं वाचायचा. तिची शाळा दुसरीपर्यंत झालेली. अक्षराला अक्षर जोडत एक बातमी संपायला अर्धा तास लागायचा, आणि ते तेवढा वेळ डोळे उघडे ठेवून ऐकायचे. एखादा अवघड शब्द आला की ती पेपर घेऊन हळूच बाहेर यायची, बोट ठेवून मला विचारायची, आणि आत जाऊन तो शब्द आपणच वाचल्यासारखा त्यांना सांगायची.