तिसऱ्या रविवारची हरकत

रविवारी चर्चमधल्या उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की मीही सगळ्यांबरोबर म्हणते. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की मात्र ओठ मिटून घेते. ती गेली की पुन्हा सुरू करते. बरेच दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझा आवाज तसाही शेजारणीपर्यंत पोचत नाही. देवाला कळत असेल. कळू दे. ज्या माणसाने माझ्या मुलीला भर मंडळीत उभं केलं, त्याला मी क्षमा केलेली नाही. त्याने त्याच जागी, त्याच लोकांसमोर आपले शब्द परत घ्यावेत, एवढंच मला पाहिजे. घेईपर्यंत ती ओळ मी म्हणणार नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, रोह्यातली, लहानशी. सगळे मिळून एका एसटीत मावू. माझं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. चौथीनंतरच्या शाळेला वडखळला जावं लागे, ते काही झालं नाही. लग्न होऊन रोह्याला आले. नवरा कंपनीत होता. तो गेल्यावर पोह्याचे पापड लाटून मुलीला शिकवलं. ती आता कोलाडच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा धडा आहे, तोही ती शिकवते. कोणीतरी शिकवायलाच हवा.

तिचं लग्न पेणच्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा चांगला, बोलायला हळू, कंपनीत शिफ्टला जाणारा. आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत दोघांची नावं वाचतात. पाळकसाहेब विचारतात, ह्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आताच सांगावी. मग ते चष्म्यावरून एकदा सगळीकडे बघतात, लहान पोरं खुदकन हसतात आणि पुढचं गीत सुरू होतं. हरकत म्हणजे मुलाला आधीची बायको निघाली, दोघं नात्यातली निघाली, असलं काहीतरी. कोणी ती घेतल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

पहिले दोन रविवार तसेच गेले. तिसऱ्या रविवारी मुलाकडची माणसं मुद्दाम पेणहून आली होती. घरी मी त्यांच्यासाठी कोंबडीचं कालवण करून ठेवलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं आणि आमचे पंच उठले. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. छप्पर गळतं का, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी प्रार्थना ठेवायची, सगळं तेच बघतात. बाजारात त्यांचं दुकान आहे.

“माझी हाय,” ते म्हणाले.

“काय? पंखा कमी करायचाय का?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“पंखा नाय. हरकत. ही पोरगी शालेत पोरांना शिकवते का मानूस माकडापासून झाला. आनी उद्या हितं देवासमोर शपथ घेनार. मंग ती शपथ खरी धरायची कशी?”

मागून कोणीतरी म्हणालं, “नवरदेव बघा रे, शेपूट हाय का!” पोरं फिदीफिदी हसली. मुलाच्या आईने पदर तोंडाला लावला.

माझी मुलगी उभी राहिली. “काका, देवाने घडवला नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. आणि माणूस माकडापासून झाला असंही पुस्तकात नाही. फार फार मागे माकडांचे आणि आपले पूर्वज एकच होते, असं आहे.”

“मंजे माकड तुजा चुलता झाला,” पंच म्हणाले. आता मोठी माणसंही हसली.

पाळकसाहेब स्वभावाने मऊ. ते म्हणाले, “बाळ, तू एवढंच सांग की नोकरी आहे म्हणून शिकवतेस, मनातून मानत नाहीस. मग विषय संपला.”

“पोटासाठी पोरांना खोटं शिकवते, असं सांगू?” ती म्हणाली. “माझा देवावर विश्वास आहे. आणि मी शिकवते तेही खोटं नाही.” मग ती बसली.

पाळकसाहेब म्हणाले, हे आपण नंतर बसून बोलू. मुलाकडची माणसं न जेवता गेली. पुढच्या आठवड्यात मुलाच्या आईचा फोन आला, “पोरगी चांगली हाय गो, पन घरात रोज वाद नको.” कालवण आम्ही दोघींनी दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी उरलेलं मी मांजराला घातलं.

यातून पंचांना काय मिळालं? काहीच नाही. त्यांच्या घरात त्या मुलासाठी कोणी पोरगी नव्हती, आमच्याशी वैर नव्हतं. पुढच्या रविवारी दारात भेटले तर म्हणाले, “वैनी, पोरीचा आत्मा वाचला असं समजा.” खरंच तसं वाटत होतं त्यांना. कोणी फायद्यासाठी वाईट केलं तर निदान समजून घेता येतं. ह्याने माझ्या पोरीचं लग्न मोडलं आणि वर देवाचं काम केल्याचं समाधान घेऊन जेवला. ते समाधान मला त्याच्या तोंडावरून पुसायचं होतं.

पण आधी मला स्वतःला कळायला हवं होतं. पोरगी चुकत असेल तर? एका संध्याकाळी पापड उन्हातून आत घेताना मला बापाचं शेत आठवलं. मी लहान असताना उधाणाने बांध फुटला आणि खाडीचं पाणी भातात शिरलं. सगळं भात जळालं. कडेला थोडी रोपं तेवढी तग धरून उभी राहिली. बापाने त्यांच्या लोंब्या वेचून आणल्या आणि पुढच्या वर्षी तेच पेरलं. बांध पुन्हा फुटला, पुन्हा जळालं, बापाने पुन्हा वेचलं. असं करत आमच्या शेतात असं लाल भात झालं की खारं पाणी येऊन गेलं तरी ते पडायचं नाही.

मी मुलीला विचारलं, “तुझ्या धड्यात असंच काही आहे का गो?”

“असंच आहे. फक्त तिथे वेचायला आजोबा नाहीत.”

“मग कोण वेचतं?”

“कोणी नाही. जे टिकतं, त्याचं बी पुढे जातं.”

“कोणी नाही असं कसं? देव वेचत असेल.”

“मग तसं म्हण. मला अडचण नाही. कसं झालं ते मी वर्गात सांगते. कोणी केलं, ते मी दर रविवारी म्हणतेच की.”

तिचं संपलं, ती वह्या तपासायला बसली. माझं संपलं नाही. देव असा वेचत असेल, तर जळालेल्या भाताचं काय? ती रोपंही त्यानेच उगवलेली. ह्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि मुलीकडेही नाही. शास्त्रात आहे की देवाने माणूस मातीपासून घडवला. घडवता घडवता माती किती वेळा मोडली, ते सांगितलेलं नाही. मला एवढंच वाटलं की ह्या धड्याने माझा देव लहान झाला नाही. उलट मला त्याची जास्त भीती वाटायला लागली. आणि राग चौपट झाला, कारण पंचांनी माझ्या मुलीचं ज्या गोष्टीसाठी हसं केलं, तीत देवाविरुद्ध काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी पंचांची मुलगी दहावीला गेली. विज्ञानात कच्ची. एका दुपारी पंचांची बायको मागच्या दाराने आली. “ताईला सांग गो, तेवढं विज्ञान बघ म्हनावं पोरीचं. ह्यांना मी सांगितलंय, शिवन शिकायला जाते.” मुलगी हो म्हणाली. कोणाचंही पोर असलं तरी ती शिकवते.

मी त्याच क्षणी ठरवलं. पोरगी आली की तिला चहा, लाडू द्यायची. मुलीला सांगायची, “तो उत्क्रांतीचा धडा नीट घे हं तिचा.” ती म्हणायची, “सगळेच नीट घेते.” मी आत पापड लाटत ऐकायची. एकदा पोरीने विचारलं, “ताई, हे लिवलं तर देवाला चालेल?” मुलगी म्हणाली, “देवाला खरं लिहिलेलं चालतं.” मी लाटणं थांबवलं आणि मनाशी म्हटलं, लिही, पोरी. भरपूर लिही.

तिला विज्ञानात इतके चांगले मार्क पडले की शाळेने फळ्यावर नाव लावलं. रविवारी पंचांनी मंडळीत पेढे आणले, पोरीला पुढे उभं केलं आणि म्हणाले, “आपलं लेकरू देवाच्या भयात वाढवलं का विज्ञान बी आडवं येत नाय. आजून कोनाला साक्ष द्यायची हाय काय?”

देवाने केलेलं भलं सगळ्यांसमोर सांगायचं, ती साक्ष. ती द्यायला मी कधीच उठले नव्हते. त्या दिवशी उठले. सगळ्यांच्या माना वळल्या. शब्द मी वर्षभर घोकलेले होते.

“मी पण देवाचे आभार मानते,” मी म्हटलं. “ह्या पोरीला विज्ञान माझ्या मुलीने शिकवलं. माणूस कसा झाला, तो धडासुद्धा. पंचांनी विचारावं तिला, परीक्षेत काय लिहिलं. खोटं लिहिलं असेल तर तिलाही उभं करून कबूल करायला लावा, माझ्या मुलीला लावत होतात तसं. आणि खरं लिहिलं असेल तर पेढे वाटा.”

पंचांनी बायकोकडे बघितलं, बायकोने जमिनीकडे. पोरगी रडायला लागली आणि रडत रडत म्हणाली, “मी लिवलं पप्पा. आनी ते खरं हाय.” पंचांच्या हातात पेढ्यांचा खोका तसाच उघडा. त्या तोंडावरचं समाधान गेलं. ते जाताना मी डोळे भरून बघितलं.

घरी आल्यावर मुलगी माझ्यावर फार चिडली. “आई, ती माझी विद्यार्थिनी होती. तिला मधे का ओढलंस?” पोरीच्या रडण्याचं मलाही वाईट वाटलं. पण पंचांचं तोंड आठवलं की अजून जिवाला गार वाटतं.

काही दिवसांनी पंच घरी आले. चपला काढून दारातच उभे राहिले. मी पापड लाटत होते, थांबले नाही.

“वैनी, पोरगी सायन्सलाच जाईन म्हनते. अन्न सोडून बसलेली. जा म्हटलं.” मग उंबरठ्याकडे बघत म्हणाले, “तवा ताईला मी जरा जास्तच बोललो.”

“कुठे बोललात?”

“मंडळीत.”

“मग इथे कशाला सांगता? इथे पापडच ऐकतायत.”

“मंडळीत कसं बोलनार आता? पंच हाय मी.”

“हरकत पण पंच म्हणूनच घेतलेली.”

ते गेले. मुलगी आतून म्हणाली, “आई, सोड ना आता. एवढं आले दारात. मला तर नकोच आहे ते काही.”

तिला नको असेल. ती सोडू शकते, तिचा स्वभाव आहे. पण हसणं मंडळीत झालं, शब्दही मंडळीतच परत यायला हवेत. मला घाई नाही. मुलीच्याच धड्याप्रमाणे देवाने माणूस घडवायला घाई केली नाही, मग मी कशाला करू?

पूर्वी मी खिडकीशेजारी, खांबाआड बसायची. आता पहिल्या बाकावर बसते, पुढे पाळकसाहेबांशेजारी बसणाऱ्या पंचांच्या बरोबर समोर. प्रार्थनेत ती ओळ येते. मी डोळे उघडे ठेवते आणि ओठ मिटते. गेल्या दोन रविवारी त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते दिसलं.