मारुतीच्या सावलीतला पॉइंट

“साहेब, पानी कुठचं नेऊन राहिले तुमी?”

देवकाबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या बाटल्या भरून झाल्या होत्या आणि चहाही पिऊन झाला होता. मी सरकारी आवाजात उत्तर दिलं, “तलावाचं.”

“तलाव तर तिकडं पन हाये ना. मासे तिकडं तोंड वर काढून राहिले. तुमी दर खेपेला इथूनच पानी नेता.”

मी पाणी तपासणाऱ्या एका खात्यात फील्ड ऑफिसर आहे. खात्याचं नाव घेत नाही. पेन्शन बाकी आहे. काम दोन प्रकारचं. तलाव-नद्यांचे नमुने घ्यायचे, आणि ज्या कारखान्यांना कन्सेंट मिळालेली आहे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. कन्सेंट म्हणजे संमतीपत्र. सांडपाणी स्वच्छ करूनच बाहेर सोडीन, असं कारखान्याने म्हणायचं आणि आम्ही विश्वास ठेवायचा. विश्वासाच्या बाबतीत आमचं खातं फार उदार.

हा तलाव पवनीच्या रस्त्यावरचा, जुना मालगुजारी, जमीनदारांच्या काळात बांधलेला. त्याच्या उत्तरेला राइस मिल, उसना तांदूळ करणारी. उसना म्हणजे धान आधी भिजवून, वाफवून मग भरडायचं. भिजवणीचं पाणी आंबतं आणि पिवळं पडतं. वास असा, की मिलचा मॅनेजरसुद्धा ऑफिसच्या खिडक्या बंद ठेवायचा. हे पाणी मिलच्या टाक्यांत स्वच्छ होऊन नाल्यात जावं, असं संमतीपत्रात होतं. टाक्या होत्याही. अगदी स्वच्छ होत्या, कारण त्यात कोणी काही सोडतच नव्हतं. नाला थेट तलावात.

आमचा सॅम्पलिंग पॉइंट, म्हणजे नमुना घ्यायची ठरलेली जागा, मात्र दक्षिणेला. मारुतीच्या देवळापाशी. तिथं जंगलातून ओढ्याचं ताजं पाणी येतं. ही जागा माझ्या आधीच्या कोणा अधिकाऱ्याने ठरवली. शास्त्रीय कारणं तीन: जीप तिथवर जाते, पिंपळाची सावली आहे, आणि शेजारी टपरी आहे. एकदा पॉइंटला नंबर पडला की पडला. तलाव आटला असता तरी आम्ही ओंजळभर तिथूनच आणलं असतं. त्यामुळे आमच्या कागदांवर हा तलाव वर्षानुवर्षं निरोगी होता.

देवकाबाई गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या सचिव. ढिवर घरांनी मिळून तलाव ठेक्याने घेतलेला. पावसाळ्यात सोडलेलं माशांचं बीज आता हातभर झालं होतं. महिन्याभरात जाळं पडणार होतं.

“चाला ना साहेब, तिकडं एक बाटली भरून पाहा.”

आमचा ड्रायव्हर लांजेवार जीपला टेकून उभा होता. “जाऊन या ना साहेब. तुमचे पाय तरी मोकळे होतील.”

तिघंही तलावाच्या पाळीवरून उत्तरेकडे चालत गेलो. नाल्याच्या तोंडाशी मी काचेची बाटली भरली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची एक सोपी परीक्षा आहे. बाटलीत दोन औषधं टाकायची. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नेमका आकडा लॅबमध्ये निघतो, पण रंग जागेवरच कळतो.

साका पांढराशुभ्र बसला.

“दुधावानी दिसते,” देवकाबाई म्हणाल्या. “चांगलं का वाईट?”

“वाईट. या पाण्यात श्वास घ्यायला काहीच नाही.”

“मंग लिवा ना आता.”

“बाई, हा पॉइंट रजिस्टरमध्ये नाही.”

“अस्सं? मंग मास्यायलेच सांगा, पॉइंटवर येऊन मरा म्हनावं.”

लांजेवार हसला. मी ऑफिसात माझ्या साहेबांना फोन लावला.

“सर, उत्तरेला ऑक्सिजन निल दिसतोय.”

“पॉइंट कोणता?”

“पॉइंट नाही सर. असंच घेतलं.”

“असंच घेतलेलं पाणी कोणाचं असतं?”

“तलावाचंच, सर.”

“पॉइंट बदलायचा प्रस्ताव पाठव. वरून मंजुरी येईल. आणि मिलच्या कन्सेंटचं रिन्युअल याच महिन्यात आहे, तुझा नेहमीचा रिपोर्ट वेळेत दे. ती बाटली आणतोयस का लॅबला?”

आता जे सांगतो ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. साहेबांनी बाटली फेक म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं. मी म्हणालो, “नाही सर, ओतून दिली.” तेव्हा ती माझ्या हातात होती. फोन ठेवला आणि मग ओतली, देवकाबाईंच्या समोर.

 लांजेवार हसायचा थांबला.

नियमात सोय नव्हती असं नाही. संशय आला तर अधिकाऱ्याला कुठूनही स्पेशल सॅम्पल घेता येतं. फॉर्म भरायचा, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, सील लावायचं. फॉर्म माझ्या बॅगेत होता. साक्षीदार शेजारी उभे होते. नाला समोर वाहत होता. पण मग नोटीस, कोर्टाच्या तारखा, मिलमालक सेठचा वकील, आणि कदाचित माझी बदली. मिलचा पैसा मी कधी खाल्ला नाही, हे मी स्वतःला अनेकदा ऐकवलं आहे. खाल्ला असता तर निदान कारण तरी दाखवता आलं असतं.

बारा दिवसांनी मासे तरंगले. उत्तरेकडून सुरुवात झाली आणि वाऱ्याने ते देवळापर्यंत आले. मी गेलो. पॉइंटवरून नमुना घेतला. मेलेले मासे हाताने बाजूला सारून घेतला. साका तपकिरी बसला. रिपोर्टमध्ये लिहिलं: पाण्याची गुणवत्ता समाधानकारक, मृत्यूचे कारण वाढते तापमान असावे. मिलचं रिन्युअल झालं, सोबत माझा नेहमीचा रिपोर्ट जोडून.

सोसायटीने तलाव सोडला. देवकाबाई आता पवनीच्या बाजारात बाहेरून आलेला बर्फातला मासा विकतात. मी त्या बाजूने जात नाही.

प्रस्ताव मी खरंच पाठवला होता. तीन वर्षांनी मंजूर झाला. आता आम्ही नाल्याच्या तोंडाशी नमुना घेतो, साका पांढरा बसतो आणि आम्ही तो नियमानुसार नोंदवतो. तलावात मासा नाही, त्यामुळे तक्रारही नाही. साहेब याला सुधारणा म्हणतात.

खात्यात नवे लोक आले की त्यांना शिकवायचं काम आता माझ्याकडे असतं. औषधं किती थेंब टाकायची ते पुस्तकात आहे. मी एवढंच सांगतो: आधी साक्षीदारांच्या सह्या घ्या, मग सील लावा, आणि साहेबांना फोन सगळ्यात शेवटी करा. कोणी विचारतं, उलट केलं तर काय होतं? मी म्हणतो, काही होत नाही. नोकरी नीट चालते.